कोडाप्यांची जागा

"इथून नको बाई. इथं माही पोट्टी हाय," लचमाबाई म्हणाली आणि भिंतीला पाठ लावून माझ्यासमोर उभी राहिली.

माझ्या हातातलं यंत्र घरघरत होतं. दातांच्या डॉक्टरकडे असतं तसलंच, बारीक टोकाचं. मी ते बंद केलं. सकाळपासून त्या गुहेत मी वाकून, गुडघे टेकून, एकदा तर चक्क आडवी होऊन काम करत होते. कंबरेचा काटा ढिला झाला होता. अखेर मला हवी तशी जागा सापडली होती आणि नेमकी तिथे ही बाई आडवी आली होती. माझा स्वभाव तेव्हाही काही फार गोड नव्हता.

"अहो, कसली पोरगी? ही भिंत आहे," मी म्हटलं.

"भितीवरच हाय. हे पाहा." ती जराशी बाजूला सरकली आणि तिने बोट दाखवलं. "तानी."

तिच्या मुलाने, लेतूने, बॅटरीचा झोत तिकडे वळवला. भिंतीवर गेरूचे हात होते. हातावर हात, त्यांवर आणखी हात, इतके की एकाचं बोट कुठलं आणि दुसऱ्याचा अंगठा कुठला ते कळू नये. त्या सगळ्यांच्या वर, अजून बऱ्यापैकी लाल, एक लहानसा पंजा होता. सात-आठ वर्षांच्या मुलीचा असावा तेवढा.

मागे दगडावर बसलेला झित्रू नाईक तंबाखू मळता मळता हसला. लिंबगुडा पोडाचा तो म्होरक्या. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. "म्याडम सकाळपासून दगडाले वय इचारून राहिल्या," तो म्हणाला, "अन दगड काई बोलून नाई राहिला."

"बोलेल, नाईक. पण बोलणारा दगड तुमच्या या बाईच्या पाठीमागे आहे," मी म्हटलं.

महाराष्ट्र संपता संपता चंद्रपूरच्या त्या टोकाला जमिनीत चुनखडी आहे, आणि जिथे चुनखडी तिथे सिमेंटवाले. लिंबगुड्याच्या डोंगरावर एका कंपनीने खाणीसाठी अर्ज केला होता. डोंगर गेला की त्याच्या पायथ्याचं पोडही जाणार, झरा जाणार, मोहाची झाडं जाणार. पोडाच्या बाजूने बोलायला एकच गोष्ट होती, ती म्हणजे ही गुहा. तिच्यात लांब शिंगांचा बैल होता, हरणांची रांग होती आणि हे हात होते. ही चित्रं खरोखर प्राचीन निघाली तर खाण होणार नव्हती. कंपनीच्या वकिलाचं म्हणणं होतं की हे सगळं आजे-पणजोबांनी सवड काढून फासलेलं आहे. जुनं म्हणजे नेमकं किती जुनं, एवढंच सांगायला मला बोलावलं होतं. नागपूरला मी दगडांची वयं काढण्यात अर्धं आयुष्य घालवलं होतं. दुसरं मला फारसं काही येतही नव्हतं.

गेरूचं वय थेट निघत नाही, ती माती. पण चुनखडीच्या गुहेत भिंतीतून पाणी झिरपतं आणि जाताना चुना मागे ठेवून जातं. दुधावर साय धरावी तसा भिंतीवर पांढरा पापुद्रा धरतो. त्या पाण्यात किंचित युरेनियम असतं, थोरियम जवळजवळ नसतंच. पापुद्र्यात अडकलेल्या युरेनियमचं मग ठरावीक गतीने थोरियम होत जातं. किती झालं ते मोजलं की पापुद्रा कधी धरला ते कळतं, आणि पापुद्र्याखालचं चित्र त्याच्याहून जुनंच असणार. अडचण एकच. पापुद्र्यात धूळ मिसळलेली असली की ती स्वतःचं थोरियम घेऊन येते आणि आकडा चक्क खोटं बोलतो. बैलावरचा पापुद्रा धुळीने मळलेला होता. हरणांची भिंत कोरडी ठणठणीत होती. स्वच्छ, काचेसारखा पापुद्रा फक्त इथे होता, हातांच्या थरांमध्ये.

"ही कोडाप्यांची जागा हाय," झित्रू नाईकाने मला समजावलं. "ते तिकडं आत्रामाईची. वरती सिडामाईची. ज्याची त्याची जागा ठरली हाय."

लिंबगुड्यात माणूस गेला की पुरण्याआधी त्याला या गुहेत आणत. सगळ्यांत जवळच्या माणसाने त्याच्या उजव्या तळव्याला गेरू लावायचा आणि तो तळवा आपल्या घराण्याच्या जागी भिंतीवर टेकवायचा. बापाच्या हातावर मुलाचा, सासूच्या हातावर सुनेचा. ही रीत दुसऱ्या कुठल्या पोडात मी पाहिली नाही आणि हे लोकही ती येत्याजात्याला सांगत नसत. मलाही त्यांनी तिसऱ्या फेरीला सांगितली, तीही मी यंत्र घेऊन उभी राहिले म्हणून.

"तुमी किती घेसान?" लचमाबाईने विचारलं.

मी बोटांनी दाखवलं. काडेपेटी असावी तेवढा तुकडा. पण खालपर्यंत, सगळ्या थरांमधून.

"मंग तानीचा हात जाईन?"

"अर्धा जाईल. तळव्याचा मधला भाग."

"मंग परत आनसान नं? पाहून झालं का आनून लावसान?"

देव उजळायला दिला की परत येतो, तसं काहीसं तिच्या मनात असावं. मी खोटं बोलू शकले असते, पण तो माझा स्वभाव नाही. "नाही," मी म्हटलं. "तो तुकडा आम्लात विरघळवावा लागतो. पाणी होतं त्याचं. काही उरत नाही."

"काईच नाई?"

"फक्त एक आकडा उरतो."

लेतू मध्ये पडला. तेव्हा तो पंचविशीचा असेल, उंच, मोजकं बोलणारा. "माय, नको देऊ. दुसरीकडून घेऊ दे त्याईले."

"दुसरीकडं नाई म्हनते नं ते," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तापात गेली हे. नाला भरला होता, दवाखान्यात नेता आलं नाई. मीच धरला होता तिचा हात इथं. असा." तिने स्वतःच्याच डाव्या मनगटाला उजव्या हाताने धरून दाखवलं. "बोटं मिटून घेत होती. एकेक सोडवावं लागलं."

मी यंत्र खाली ठेवलं. नाईकाचं तंबाखू मळणंही थांबलं होतं.

"डोंगर राहीन का ह्याच्यानं?" तिने विचारलं.

"राहण्याची शक्यता आहे. याच्याशिवाय मात्र जाणार, हे नक्की."

ती पुन्हा भिंतीकडे वळली आणि आपला तळवा त्या लहान पंजावर ठेवून बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "तं मंग पुराच घ्या. अर्धा हात कोनाच्या कामाचा?"

एवढा मोठा तुकडा मला नको होता, पण तिला नाही म्हणायचं धाडस मला झालं नाही. मी अख्खा पंजा कापून काढला, बोटांसकट. भुकटी खाली पडू नये म्हणून ती स्वतः खाली पत्रा धरून उभी होती. यंत्राचा आवाज त्या गुहेत फार मोठा होत होता. लेतू बॅटरी धरायची सोडून बाहेर निघून गेला, तेव्हा नाईकाने उठून ती धरली.

हैदराबादच्या प्रयोगशाळेतून आकडा यायला पावसाळा उलटला. सगळ्यांत खालच्या हातावरचा पापुद्रा दहा हजार वर्षांहून जुना निघाला. मी तो कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि खोलीचं दार लावून घेऊन, सांगायला लाज वाटते, पण नाचले. लिंबगुड्याला ती बातमी मी स्वतः सांगितली. पोडातल्या बायकांनी मला मध्ये बसवून हसत हसत काहीबाही विचारलं, आणि लचमाबाईने आपल्या भाषेत बाकीच्यांना काहीतरी सांगितलं. लेतूच्या बायकोने, अयूबाईने, मला त्याचा अर्थ सांगितला. "आत्या म्हनते, माह्या तानीनं सांगतलं."

अर्थात कंपनी एवढ्याने गप्प बसणार नव्हती. वकिलाने फेरतपासणी मागितली. त्याच जागेच्या कडेचा नमुना त्यांची माणसं येऊन, सगळ्यांच्या देखत घेणार आणि दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवणार. मागणी रास्तच होती. तोपर्यंत त्या जागेला कुणाचा हात लागू नये म्हणून पुरातत्त्व खात्याने गुहेच्या तोंडाला लोखंडी जाळीचं दार बसवलं, कोडाप्यांच्या जागेवर कापड लावून कडेने लाखेच्या मोहरा मारल्या आणि निमगडे नावाचा एक चौकीदार आणून ठेवला. पोडाने खळखळ केली नाही. आपल्या डोंगरासाठीच हे चाललंय, असं झित्रू नाईक सगळ्यांना सांगत फिरला. मीही तेच सांगितलं.

फेरतपासणी लांबत लांबत मे महिन्यावर गेली. मी आदल्या दिवशीच निघाले. दुपार टळत आली होती, उन्हाने डोंगर नुसता भाजून निघाला होता. गुहेच्या पायवाटेवर मला ढोलाचा आवाज आला. मला वाटलं, एखादं लग्न असेल. वर पोचले तर जाळीच्या दारासमोर अख्खं पोड उभं होतं आणि मधोमध तिरडी टेकवलेली होती.

"कोण?" मी विचारलं, पण तेवढ्यात मला तिचा चेहरा दिसला.

तेंदूपत्ता तोडायला ती पहाटेच जंगलात गेली होती. ऊन लागलं. पानांचा गठ्ठा डोक्यावर घेऊन येताना वाटेतच बसली, ती उठलीच नाही. अयूबाईने मला हे सांगितलं आणि लगेच पदराने तोंड दाबून घेतलं. लचमाबाईच्या उजव्या तळव्याला गेरू लावलेला होता. ओला, गडद. तो वाळू नये म्हणून तिची पुतणी पानाच्या द्रोणातून थेंब थेंब पाणी सोडत होती.

निमगडे दाराला पाठ लावून उभा होता. जवळच्याच खेड्यातला पोऱ्यासारखा माणूस, नोकरी कच्ची. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मला पाहताच त्याचा जीव भांड्यात पडला. "म्याडम, तुमीच सांगा जी याईले. उद्या सायब लोक येऊन राहिले. माही नोकरी जाईन."

"तू दार उघड," लेतू म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. तेच जास्त भयंकर होतं.

"नाईक, आजचा दिवस थांबता येणार नाही का?" मी विचारलं. "उद्या नमुना घेऊन झाला की कापड निघेल."

झित्रू नाईकाने माझ्याकडे असं पाहिलं की माझी मलाच शरम वाटली. "म्याडम, मे महिना हाय," तो म्हणाला.

ढोल थांबला होता. मग निमगडेने कमरेची किल्ली काढली, दाराजवळच्या दगडावर ठेवली आणि कुणाकडेही न पाहता म्हणाला, "मी खाली पानी प्याले जातो. मले याले टाइम लागन." आणि तो खरोखर डोंगर उतरून गेला.

लेतूने दार उघडलं. तिरडी आत नेली. सगळे आत मावणार नव्हते. लेतू, अयूबाई, नाईक, उचलणारे आणि मी, एवढेच भिंतीपर्यंत गेलो. आत त्या उन्हातही गारवा होता. कोडाप्यांच्या जागेवर ते पांढरं कापड होतं आणि कडेने लाल मोहरा.

"ते ह्याच जागेसाठी सांगत होती," नाईक हलकेच म्हणाला. "जवापासून तुमी ते कापून नेलं, तवापासून. पोट्टीची जागा रिकामी झाली, तिथं माहा हात लावजा. रोज सांगे. लेतूच्या आजीच्या टायमाले मी पन होतो इथं, तिची बी अशीच जागा ठरली होती. पन असं रोज सांगताना म्या कोनाले नाई पाह्यलं."

लेतूने आईचं मनगट धरलं आणि तिला खांद्याशी उचलून बसती केली. अयूबाईने पाठीला आधार दिला. गेरूचा एक ओघळ कोपरापर्यंत आला. तो हात भिंतीपासून वीतभरावर होता आणि मध्ये ते कापड.

"हे फाडलं तं काय होते?" लेतूने विचारलं. तो माझ्याकडे पाहत नव्हता. "खरं सांगा."

मला वाटलं, काही सुचावं. काहीतरी पळवाट निघावी. "दुसरीकडे, शेजारी लावता येणार नाही का? आत्रामांच्या जागेत?"

"तुमची माय मेली तं शेजाऱ्याच्या घरी ठेवसान का?" नाईक म्हणाला. रागाने नाही, नुसतं विचारल्यासारखं.

"मग एखाद्या कापडावर हाताचा ठसा घेऊन ठेवा. नंतर तो इथे लावू. मी स्वतः येऊन लावीन."

"हात मानसाचा लागते, म्याडम. फडक्याचा नाई लागत. ज्याचा हात नाई लागला तो जात नाई कुठं. घरातच राहते. चुलीपाशी बसते, दारात बसते. भाकर मांगते, त्याले भाकर देता येत नाई."

"म्याडम," लेतू पुन्हा म्हणाला. "फाडलं तं?"

आता बोलणं भाग होतं. "फाडलं तर उद्याची तपासणी होणार नाही. कंपनी म्हणेल की या लोकांनी मोहरा तोडून भिंतीवर काहीतरी केलं. पहिलाही आकडा असाच केला असेल, असं म्हणेल. माझं कुणी ऐकणार नाही."

"अन डोंगर?"

"डोंगर जाईल."

"नक्की?"

"नक्की, लेतू."

तो तसाच उभा राहिला. मनगट त्याच्या हातात. अयूबाईने पाठीला आता खांदाही लावला होता, प्रेताचं ओझं काही कमी नसतं. मी त्या वेळी मनात काय म्हणत होते ते आजही मला स्वच्छ आठवतं. फाड, मी म्हणत होते. फाड तू, खड्ड्यात जाऊ दे डोंगर आणि माझे सगळे आकडे. तोंडाने मात्र हे म्हणायचा मला हक्क नव्हता. त्या डोंगराखाली माझं घर नव्हतं.

लेतूने भिंतीवरच्या बाकीच्या जागा पाहिल्या. आत्रामांची, सिडामांची, वरची, खालची. अंधारात हात दिसत होते आणि दिसत नव्हते. मग त्याने आईचा हात सावकाश खाली आणला, तिच्या मांडीवर ठेवला आणि अयूबाईला म्हणाला, "पानी आन."

अयूबाईला कळेना. "कायले?"

"धून टाक."

नाईकाने डोळे मिटून घेतले. अयूबाई जागची हलेना, म्हणून लेतूने स्वतःच द्रोण घेतला. एका हाताने त्याने तळवा उघडा धरला आणि दुसऱ्याने पाणी घालत घालत अंगठ्याने चोळत गेला. गेरू लवकर निघत नाही. रेषांमध्ये बसतो, नखांच्या कडेला बसतो. तिच्या तळव्याला बारीक भेगा होत्या, पानं तोडून तोडून पडलेल्या, त्यांतून तो काही केल्या जाईना. पाणी संपलं. कुणीतरी बाहेरून आणखी आणलं. मग अयूबाई खाली बसली आणि आपल्या पदराने पुसायला लागली, आणि पुसता पुसता तिने असा हंबरडा फोडला की बाहेरच्या बायकाही रडायला लागल्या. मीही रडले. माझं तिथे काय नातं होतं, पण रडले.

"लागला एखाद्या ठिकानी तं राहू दे," शेवटी नाईक म्हणाला. "पुरा नाई निंगत ते."

लेतू उठला. त्याने कपाळाचा घाम पुसला आणि त्याच्या कपाळावर लाल पट्टा उमटला. "चला," तो म्हणाला. "मायले घरी ठेवू आता." त्यांनी तिला उचललं. पुरायला अर्थातच दुसरीकडे नेलं, पण वाटेत तिरडी त्याने आपल्या दारासमोर उतरवली, आत जाऊन एक घोंगडी चुलीच्या बाजूला अंथरली आणि मगच पुढे निघाला.

दुसऱ्या दिवशी सगळे साहेब आले. मोहरा शाबूत होत्या. वकिलाने त्या भिंग लावून पाहिल्या, फोटो काढले आणि निमगडेच्या चोख पहाऱ्याचं कौतुक केलं. निमगडे मान खाली घालून उभा होता. दुसऱ्या प्रयोगशाळेचा आकडाही माझ्या आकड्याच्या जवळपासच आला. अर्ज फेटाळला गेला, डोंगर राहिला. वर्तमानपत्रांनी आम्हाला डोक्यावर घेतलं. माझा सत्कार झाला, शाल मिळाली, ती मी कुणाला तरी देऊन टाकली.

जाळीचं दार मात्र निघालं नाही. मला वाटलं होतं, तपासणीपुरतंच आहे. पोडालाही तसंच वाटलं होतं. पण गुहा आता संरक्षित झाली होती, आणि संरक्षित म्हणजे तिथल्या चित्रांना कुणीही स्पर्श करायचा नाही. कुणीही. मी अर्ज केले. एक भिंत तरी या लोकांना मोकळी ठेवा, ही चित्रं याच लोकांची आहेत, त्यांच्या हातांनीच ती झाली आहेत, असं लिहिलं. उत्तरं सभ्य भाषेत आली. दहा हजार वर्षांच्या ठेव्यावर नवा रंग लावायला परवानगी कशी देता येईल, असं त्यांत विचारलं होतं. ते ठरवायला त्यांच्याकडे माझाच आकडा होता.

मग माझी नोकरी संपली, गुडघे गेले, आणि लिंबगुड्याला जाणं राहूनच गेलं. झित्रू नाईक गेल्याचं कानावर आलं. त्याला कुठे ठेवलं असेल, हे मी कुणाला विचारलं नाही.

गेल्या हिवाळ्यात भाचा गाडी घेऊन त्या बाजूला निघाला होता, म्हणून मी हट्टाने गेले. डांबरी रस्ता थेट डोंगराच्या पायथ्याशी गेला होता. पण पोडाच्या जागी काही नव्हतं. कुडाच्या भिंती पडलेल्या, छपरांचे वासे काढून नेलेले, मोहाखाली नुसता पाचोळा. झरा वाहत होता. मला वाटलं, रस्ता चुकलो.

गुहेच्या दाराशी निमगडे होता. आता अंगावर कडक गणवेश होता आणि केस पांढरे झाले होते. त्याने मला ओळखलं, खुर्ची आणून दिली.

"पोड कुठे गेलं, निमगडे?"

"गेले जी सगळेच. तिकडं तेलंगनात, डोंगराच्या पल्याड. लेतूच्या घरून सुरू झालं, मंग एकामागं एक."

"का? खाण तर झाली नाही."

"नाई, खानीचं काईच नाई." तो जरा घुटमळला. "घरात दाटी झाली म्हने जी."

"दाटी? घराघरात माणसं ती कितीशी?"

"जित्याची नाई, म्याडम," निमगडे म्हणाला. "नाईक झाला, त्याची बायको झाली, अयूबाईचं लहान लेकरू झालं. सिडामाकडचे तिघं. कोनाचाच हात लागला नाई नं. राहाले जागा नाई उरली म्हने, रातच्याले भाकर मांगतेत. तं त्याईले घरं देऊन टाकले अन हे निंगून गेले."

मी खुर्चीवरून उठले. त्याला वाटलं, मी गुहा पाहायला आले आहे. त्याने किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि माझ्यासाठी दार धरून उभा राहिला.

"या जी आत," तो अभिमानाने म्हणाला. "पाहा. तुमी पाह्यलं होतं तसंच हाय सारं. इतक्या वर्षांत भितीले कोनाचा हात लागू नाई देला."